पाय उचला!

हार्बर लाईनला फास्ट गाडीसाठी वेगळे रूळ नाहीत. पनवेलहून सुटलेली लोकल वाटेतल्या स्टेशनांची विचारपूस करत करत सीएसएमटीला पोचते आणि पनवेलकरांनी ते केव्हाच सोसून घेतलंय. एकट्या अण्णांनी घेतलेलं नाही. रेल्वेनं जी गाडी दिली नाही ती त्यांनी स्वतःच्या दोन पायांवर सुरू केली आहे.

अण्णा चालत नाहीत, सुटतात. पहाटे साडेपाचला आमच्या जिन्यावर टप टप टप असा आवाज होतो, खालच्या फाटकाची कडी वाजते, आणि मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडेपर्यंत अण्णा कोपऱ्यावरून नाहीसे झालेले असतात. वय त्र्याहत्तर. अंगात अर्ध्या बाह्यांचा फिकट निळा शर्ट, पॅंट घोट्याच्या चार बोटं वर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर रोज चावी द्यावी लागणारं एचएमटी. चालताना डावा हात खिशातल्या किल्ल्यांवर दाबलेला, कारण किल्ल्या वाजल्या की म्हणे लय बिघडते. उजवा हात मोकळा, तो रस्ता कापतो. अंग कमरेपासून जरा पुढे झुकलेलं, त्यामुळे कुठेही आधी अण्णांचं कपाळ पोचतं आणि मागून अण्णा. पावसाळ्यात लांब दांड्याची छत्री असते, पण ती उघडलेली क्वचितच दिसते. "उघडली की वारा धरतो रे." पनवेलच्या पावसात अण्णा भिजतील, पण अडणार नाहीत.

असे अण्णा तुमच्याकडेही असतील. तुमच्याकडे ते थोरले काका असतील, सासरे असतील किंवा शाळेतले पी.टी.चे सर. ओळखायचं कसं, तर बाजारातून जोडपं चाललेलं असतं, बाई एका दुकानापाशी, नवरा चार दुकानं पुढे, त्याच्या हातात रिकामी पिशवी, तिच्या हातात भरलेली, आणि थोड्या थोड्या वेळानं मान वळवून तो म्हणत असतो, "पाय उचला!"

हे 'पाय उचला' अण्णांचं ब्रीद आहे. नमस्कार, आशीर्वाद, सांत्वन, औषध, सगळ्याला ते चालतं. कुणाची नोकरी गेली, "पाय उचल, दुसरी मिळेल." कुणाचा गुडघा दुखतो, "पाय उचलत नाहीस, म्हणून दुखतो." आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न मांडला, तर अण्णांनी मागच्या रांगेतून तोच सल्ला दिला आणि सभेला तो योग्यही वाटला.

ही घाई आली कुठून? अण्णांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं म्हणणं, कंपनीच्या बसनं आणली. अण्णा रसायनीच्या एका कारखान्यात होते. बस टपाल नाक्यावर यायची आणि ड्रायव्हर मिलिटरीतून आलेला. माणूस दहा पावलांवर दिसत असला तरी वेळ झाली की गाडी सोडायचा. अण्णांची बस लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चुकली. का चुकली ते काकू सांगत नाहीत, नुसत्या हसतात. त्या दिवसापासून अण्णा जे सुटले ते निवृत्त झाल्यावरही थांबलेले नाहीत. बस नाही, ड्रायव्हर नाही, मस्टर नाही. घाई मात्र फंडासारखी पुरती हातात आली.

आता बाजाराची गंमत सांगतो, कारण ती मी अनेकदा पाहिली आहे. दोघं भाजीला निघतात. अण्णा शिवाजी चौक ओलांडून पुढे गेलेले असतात तेव्हा काकू अजून ब्लाऊजपीसच्या दुकानाबाहेर ओळखीच्या बाईशी बोलत असतात. अण्णा वाट पाहत उभे राहत नाहीत. उभं राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते परत फिरतात, काकूंपर्यंत येतात, "पाय उचल" म्हणतात, पुन्हा पुढे सुटतात. काकू तोवर कोथिंबिरीच्या जुड्या नाकाशी धरून बघायला लागलेल्या असतात. अण्णा पुन्हा परत. असं करत काकू एकदा बाजारात पोचतात तेव्हा अण्णा तीनदा जाऊन आलेले असतात. मासळी बाजारातल्या कोळणी तर आता अण्णांवरूनच काकूंचा अंदाज बांधतात. अण्णा पहिल्यांदा दिसले की बोंबील वर काढून ठेवायचे, दुसऱ्यांदा दिसले की भाव ठरवायचा, तिसऱ्यांदा काकू येतातच. अण्णा स्वतः पूर्ण शाकाहारी. त्यांना या व्यवस्थेचा पत्ता नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर अण्णा आमच्या बिल्डिंगचे एक नेहमीचे वल्ली म्हणून खपून गेले असते. पण त्यांच्या पुतण्यानं त्यांना फोनवर एक मजकूर पाठवला आणि घाईला शास्त्राचं पाठबळ मिळालं.

'ब्रिटिश मेडिकल जर्नल' हे डॉक्टरांचं मोठं जुनं साप्ताहिक. दर नाताळात ते थोडं गमतीदार, पण आकडे खरे असलेलं संशोधन छापतं. २०११च्या नाताळात सिडनीतल्या संशोधकांनी त्यात प्रश्न विचारला होता, की मृत्यूचा चालण्याचा वेग किती? सत्तरी गाठलेल्या १,७०५ पुरुषांना त्यांनी आधी चालवून पाहिलं होतं आणि मग काही वर्षं कोण राहिलं, कोण गेलं याची नोंद ठेवली होती. त्यावरून त्यांनी काढलं की मृत्यू सेकंदाला ०.८२ मीटर, म्हणजे ताशी साधारण तीन किलोमीटरनं चालतो. त्याहून जोरात चालणारे त्याच्या हाती सहसा लागत नाहीत, आणि ताशी पाच किलोमीटरनं चालणाऱ्यांपैकी तर त्या काळात एकही त्याला सापडला नाही. अशी माणसं त्यांच्याकडे मोजकीच होती, ही गोष्ट अण्णा सांगताना गाळतात.

झालं. त्या दिवसापासून पनवेलात यमाचा वेग माहीत नाही असा माणूस उरला नाही. "ताशी तीन! अरे, रेडाच तो. रेडा असा किती पळणार?" अण्णा वडाळे तलावावर भेटेल त्याला थांबवून सांगायचे. "आपण पाचनं चालायचं. तो कामोठ्यात असतो तेव्हा आपण खारघरला पोचायचं." रेडा डांबरी रस्त्यावर किती चालेल, उन्हात बसतो का, हायवेवर त्याला टोल पडेल का, यावर बल्लाळेश्वराच्या देवळाजवळच्या बाकांवर बरीच चर्चा झाली. एका निवृत्त मास्तरांनी शंका काढली की यम मागून येतो हे कशावरून, समोरून आला तर? मग जोरात चालणारा लवकर भेटेल! अण्णांनी मास्तरांशी बोलणं टाकलं.

यातला नाताळचा विनोद बाजूला ठेवला तरी गोष्ट पोकळ नाही, हे मान्य केलं पाहिजे. त्याच २०११ साली जानेवारीत अमेरिकेतल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पासष्टीपुढच्या ३४,४८५ माणसांचा एकत्र अभ्यास आला होता. चालण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटरनं वाढलेला दिसला की पुढे जगण्याची शक्यताही वाढलेली दिसते. नुसतं वय, पुरुष की बाई आणि चालीचा वेग एवढं कळलं तरी पुढचा अंदाज जवळजवळ तेवढाच बरोबर येतो, जेवढा रक्तदाब, वजन, जुने आजार, सिगारेट, इस्पितळातल्या खेपा अशी सगळी जंत्री मांडून येतो. सेकंदाला ०.८ मीटर म्हणजे आपल्या वयाला साजेसं आयुष्य. एक मीटरच्या पुढे म्हणजे चांगलं. स्टेथॉस्कोप नको, रक्त काढायला नको. चार मीटर जमीन आणि सेकंदकाटा.

चार मीटर जमीन! अण्णांना तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या तळमजल्याच्या पॅसेजमध्ये खडूच्या दोन रेघा उमटल्या. एक मीटरबॉक्सपाशी, दुसरी लेटरबॉक्सपाशी, काकूंच्या शिवणाच्या टेपनं मोजून बरोबर चार मीटर. पाच सेकंद लागले तर ०.८, चार लागले तर एक. हिशेब सोपा. अण्णा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून एचएमटीकडे बघत राहायचे. सुरुवातीला ते सांगून वेळ घ्यायचे, पण सांगितलं की माणसं मुद्दाम झपाझप चालतात असं लक्षात आल्यावर त्यांनी न सांगता घ्यायला सुरुवात केली. पेपरवाला, कुरियरचा पोरगा, तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू, गॅस सिलिंडर घेऊन येणारा माणूस, सगळ्यांच्या नोंदी एका जुन्या डायरीत. सिलिंडरवाला खांद्यावर ओझं असूनही साडेतीन सेकंदांत जायचा. त्याचं अण्णांना इतकं कौतुक, की दिवाळीला त्यांनी त्याला पोस्त दिली आणि वर "दीर्घायुषी होशील" असं सांगितलं. त्या माणसाला वाटलं, पोस्त कमी आहे म्हणून आशीर्वाद जोडलाय.

हे खूळ एकट्या अण्णांचं नाही. हार्बर लाईनवरच, गोवंडी स्टेशनाजवळ देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७-१८मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या सत्तर हजारांहून जास्त माणसांची पाहणी केली आणि त्यात ज्येष्ठांना चार मीटर चालवून वेळही मोजली. अण्णांना हे कळलं तेव्हा ते मनापासून दुखावले. "गोवंडी इथे हाताच्या अंतरावर. देशभर फिरले, माझ्याकडे कुणी आलं नाही." देशाची सरासरी आपल्यावाचून खाली राहिली, असं त्यांना अजूनही वाटतं.

डायरीमुळे एकदा पेच झाला. वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला मुलगा येणार होता. इंजिनियर, पुण्याचा, सगळं जुळलेलं. मुलगा आई-वडिलांबरोबर आला, नवे बूट चावत होते, हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि दोन रेघांमध्ये त्याला सात सेकंद लागले. संध्याकाळी अण्णा गंभीर चेहऱ्यानं वर गेले. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेली मुलं शास्त्रज्ञांनी आयुष्यभर तपासली आहेत. २०१९ साली त्यांतल्या ९०४ जणांच्या अभ्यासात दिसलं, की पंचेचाळिशीतच जे हळू चालतात त्यांचं शरीरही आतून लवकर जून झालेलं असतं आणि मेंदूच्या चाचण्यांतही ते मागे असतात. हे अण्णांनी मुलीच्या वडिलांना चहा पिता पिता समजावून सांगितलं. "मुलगा अठ्ठावीसचा आहे, अण्णा," वडील म्हणाले. "म्हणूनच सांगतो, सतरा वर्षं हातात आहेत. पाय उचलायला सांगा." लग्न झालं. वरातीत नवरामुलगा घोड्यावर होता, त्यामुळे अण्णांना दुसरी नोंद घेता आली नाही.

अण्णांना घेऊन कुठे जाणं म्हणजे त्यांना गमावणं. एका अंत्ययात्रेत ते इतके पुढे गेले, की स्मशानभूमीत आधी एकटेच पोचले आणि तिथल्या माणसानं रजिस्टर उघडून त्यांनाच विचारलं, "नाव?" एका वर्षी ते ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघाले. पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, त्यांना वाटलं आपल्यासारख्यांचीच ही जत्रा. पण दिंडी टाळाच्या ठेक्यानं चालते, आणि ठेका सगळ्यात मागच्या म्हातारीला झेपेल असा असतो. अण्णा पहिल्याच दिवशी दोन दिंड्या ओलांडून भलत्याच दिंडीत जेवायला बसले. परत आल्यावर म्हणाले, "सगळं उत्तम होतं. पण रिंगणातला घोडा सोडला तर कुणाला म्हणून घाई नाही."

रस्त्यावरची माणसं ते पायांवरून वाचतात. चपला फटक फटक वाजत असतील तर टाच उचलली जात नाही. बुटाचा तळ पुढून झिजलेला असेल तर पाय घासतोय. "म्हातारपण केसांत नंतर येतं, आधी पोटरीत येतं," हे त्यांचं वाक्य मला पटलेलं आहे, आणि जाणकारही साधारण तेच सांगतात. वय झालं की माणूस मिनिटाला पावलं काही फार कमी टाकत नाही. त्याचं पाऊल आखूड होतं. पोटरीतली रेटा देणारी ताकद ओसरते, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकलेले असण्याचा वेळ वाढतो, आणि चालीतली ऐट जाऊन तिच्या जागी सावधपणा येतो. म्हणून अण्णांना पावलं मोजणाऱ्यांचा राग. मुलानं त्यांना वाढदिवसाला मनगटी यंत्र दिलं, त्यानं संध्याकाळी दहा हजार पावलं झाल्याबद्दल अभिनंदन केलं. अण्णांनी चौकशी केली तेव्हा समजलं की हा दहा हजारांचा आकडा १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढला तेव्हापासून चालत आलाय. यंत्र कपाटात गेलं. "किती पावलं ते मला विचारू नकोस. किती वेळात ते विचार."

सिग्नलवर मात्र अण्णा माणसांच्या बाजूनं असतात. रस्ता ओलांडायचा वेळ ठरवताना इंजिनियर लोक माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं धरतात. म्हणजे अठरा मीटर रुंद रस्त्याला पंधरा सेकंद. आता ०.८नं चालणाऱ्या आजींना तोच रस्ता साडेबावीस सेकंद घेतो, आणि शेवटचे साडेसात सेकंद त्यांनी मोटरसायकलींच्या मध्ये उभं राहून देवाचं नाव घ्यायचं. हे गणित मांडून अण्णांनी पालिकेला अर्ज केला आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ची, महापालिका झाली २०१६ला, आता गावाशेजारी विमानंही उतरायला लागली. "विमानाला उतरायला जागा झाली, पण माणसाला फुटपाथवरून उतरायला वेळ नाही," असं त्या अर्जात लिहिलंय. अर्ज पोचल्याची पावती त्यांनी डायरीत चिकटवली आहे. तिथे अर्ज कोणत्या वेगानं पुढे सरकतोय याचीही नोंद ठेवायची त्यांची इच्छा आहे, पण सेकंदकाटा त्या कामाचा नाही.

आणि हे सांगायला हरकत नाही की अशा आजी दिसल्या की अण्णा थांबतात. पूर्ण थांबतात. त्यांच्या पुढे हात आडवा धरून बसगाडी अडवतात, पलीकडे पोचवतात आणि पोचवताना ०.८नंच चालतात. पोचल्यावर त्यांना सांगतात, पाय उचला.

माझं आणि अण्णांचं भांडण एकाच मुद्द्यावर आहे. वेग हा थर्मामीटर आहे, अण्णा त्याला क्रोसिन समजतात. माणूस जोरात चालतो कारण त्याचं हृदय, फुप्फुसं, गुडघे, डोळे, कानातला तोल आणि मेंदू, सगळ्यांचं आपापसात बरं चाललेलं असतं. यातलं एक बिनसलं की चाल मंदावते. म्हणून ती मोजायची. थर्मामीटर झटकून पारा खाली आणला तर ताप उतरत नाही. जोरात चालल्यानं पोटरी आणि दमसास सुधारतो, खरंच सुधारतो, त्याबद्दल वाद नाही. पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला मागून ढकलून यमाच्या पुढे काढता येत नाही. हे मी अण्णांना वडाळे तलावाच्या कडेनं सांगायचा प्रयत्न केला आहे. पण कमळं संपून जिथे पाणकोंबड्या दिसायला लागतात, तिथवर माझं अर्धं वाक्य झालेलं असतं आणि अण्णा पलीकडच्या काठावर असतात.

काकूंना हा वाद वायफळ वाटतो. काकू अण्णांहून पाच वर्षांनी लहान, अंगानं भरलेल्या, चालायला निवांत. पण एक पाहण्यासारखं आहे. जमिनीवर मांडी घालून बसतात आणि कशालाही न धरता उठतात. दोन जिने पिशव्यांसकट चढतात. पाटावर बसून तीन किलो पोहे निवडतात आणि निवडता निवडता सगळ्या बिल्डिंगच्या बातम्या सांगतात. अण्णांच्या डायरीत काकूंच्या नावापुढे नोंद नाही, कारण काकू त्या दोन रेघांमध्ये कधी सरळ जातच नाहीत. एकीवर थांबून कुणाला तरी विचारतात, "काय गं, ताप उतरला का बाळाचा?"

अण्णांची एक भाची कामोठ्याला राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, बोलायला चटपटीत. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ती फणस घेऊन आली आणि संध्याकाळी आम्ही सगळे मिळून तलावावर निघालो. अण्णा अर्थातच पुढे. मग अण्णांना विमानतळाबद्दल काहीतरी आठवलं. ते थांबले, वळले, तर्जनी वर केली, मुद्दा सांगितला, पुन्हा निघाले. थोड्या वेळानं पाण्याच्या पाइपलाइनबद्दल. पुन्हा थांबले, वळले, तर्जनी. भाची माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायला लागली.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही चालता चालता बोलत का नाही?"

"म्हणजे? बोलतोय की."

"बोलताय, पण थांबून. बोलायचं झालं की पाय थांबतात तुमचे."

मग तिनं सांगितलं. स्वीडनमधल्या काही जणांनी १९९७ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात एक साधी परीक्षा छापली होती. वृद्धांच्या वसतिगृहातल्या माणसांबरोबर चालायचं आणि मध्येच गप्पा सुरू करायच्या. ५८ जणांमधले बारा जण बोलायचं झालं की थांबायचे. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. चालणं आणि बोलणं दोन्ही एकदम सांभाळायला मेंदूत शिल्लक असावी लागते. शिल्लक कमी झाली, की मेंदू एक काम बंद करतो.

"आता मामा, त्या लोकांचं सरासरी वय ऐंशी होतं, तुम्हाला काही झालेलं नाही," ती घाईनं म्हणाली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. अण्णा उभेच राहिले होते. बोलायचंही थांबले होते. मी त्यांना असं दोन्ही बंद केलेलं प्रथमच बघत होतो.

काकू मात्र थांबल्या नव्हत्या. मनगटावर कालच्या वडाच्या दोऱ्याचं टोक अजून गुंडाळलेलं, एका हातात फणसाचे गरे, त्या चालतच होत्या आणि बोलतच होत्या. "म्हणजे सावित्रीची परीक्षा," त्या मागे न बघता म्हणाल्या. "ती कुठे पळाली यमाच्या पुढे? ती त्याच्या मागून चालली. त्याच्याच चालीनं, आणि बोलत बोलत. तो परत जा म्हणतोय, ही चालतेय आणि बोलतेय. शेवटी नवरा सोडवून आणला. बोलायला थांबली असती तर रेडा गेला असता पुढे." गऱ्याची आठळी त्यांनी पिशवीत टाकली. "ह्यांनी एवढी वर्षं वेग मोजला. पण हे पुढे आणि मी मागे, तर ह्यांना सोडवायला मध्ये बोलणार कोण?"

भाची रस्त्यात वाकून हसत होती. अण्णा काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे टप टप आवाज आला, त्याबरोबर पुटपुटही आली. अण्णा जिना उतरता उतरता एकोणीसचा पाढा म्हणत होते. हे आता रोज चालतं. तलावावर ते ओळखीच्या माणसाला गाठतात, पण थांबवत नाहीत, बरोबर घेतात आणि चालता चालता बोलायचा सराव करतात. ताशी पाचच्या वेगानं श्वास फार पुरत नाही, म्हणून वाक्यं तोकडी झाली आहेत. विमानतळ अर्ध्या फेरीत संपतो. न्यूझीलंड एका वाक्यात. निवृत्त मास्तरांशी बोलणं पुन्हा सुरू झालंय, कारण मास्तर हळू चालतात आणि सबंध विषय काढायचा तर त्यांच्याच चालीनं जावं लागतं. काकूंनाही एक दिवस बरोबर नेलं होतं. पूर्ण फेरी झाली, काकू बोलत होत्या, आणि अण्णांना मध्ये एकदाही 'पाय उचल' म्हणायला जागा मिळाली नाही. सोसायटीच्या परवाच्या सभेत अण्णा गच्चीवर येरझाऱ्या घालत बोलले, सव्वा मिनिटात टाकीचा ठराव मांडून मोकळे झाले, आणि सेक्रेटरींनी पुढच्या सभेपासून सगळ्याच सभासदांनी चालत बोलावं असं इतिवृत्तात लिहून टाकलं.